सहा चाकीचं इंजिन बांधायचं की गाडीच काढायची? स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्यांनी सांगा

पत्रादेवीपार
नमस्कार मंडळी. गाडी सोळा टनी सहा चाकी, २०१४ चं मॉडेल, जुनं पंपवालं इंजिन. हप्ते कधीच फिटलेत, मालक मीच ड्रायव्हर मीच, क्लीनर लागला तर चुलत्याचा पोरगा येतो. वेर्ण्याहून कोल्हापूर, कधी हुबळी, येताना जे मिळेल ते, पशुखाद्य, साखर, कांदा. आता प्रॉब्लेम असा की सकाळी सेल्फ मारला की निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पाइप) वाफ मारते आणि दर फेरीला ऑइल वर घालावं लागतं. पिकअप पण पडलाय, अनमोड घाट भरल्या गाडीनं चढायला आधीपेक्षा एक गिअर खाली लागतो. एका गॅरेजवाल्यानं बघितल्याबरोबर सांगितलं फुल इंजिन, दीड-पावणेदोन लाख. दुसरा म्हणतो नुसत्या पिस्टनच्या रिंगा टाकू, चाळीस हजारात भागवतो. घरी भाऊ म्हणतो विकून टाक आणि नवी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची गाडी) घे, डाउन पेमेंटला तो हातभार लावतो म्हणे. पाऊस तोंडावर आलाय, काय करू?

फोंड्याचो_मेस्त्री
बघितल्याबरोबर फुल इंजिन सांगणाऱ्याकडे आणि न बघता रिंगा सांगणाऱ्याकडे, दोघांकडे पण गाडी नको लावू. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय एवढंच कळतं, ते कुठून जातंय ते कळत नाही. टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, सील गेलं तरी निळा धूर येतो, व्हॉल्व्हचे गाइड झिजले तरी येतो, रिंगा-लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) गेले तरी येतो. सकाळी थंड इंजिनला भकाभक धूर आणि नंतर कमी होत असेल तर आधी हेडवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूवर, संशय घ्यायचा. भार पडल्यावर, घाटात धूर वाढत असेल तर रिंगा किंवा टर्बो. टर्बोचा पाइप काढून आत बोट घाल, शाफ्ट हलवून बघ, वर-खाली खेळतोय का, इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साचलंय का. हे काम अर्ध्या तासाचं आहे, त्याला लाख रुपये लागत नाहीत.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे कुठला सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायचं. सगळ्या सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घे, एखाद-दोन सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूप खाली असले की कळलं. ब्रीदरची वाफ जोरात आहे म्हणतोस म्हणजे माझा अंदाज रिंगांकडेच जातो, पण अंदाजावर इंजिन उघडत नाहीत.

आणि ते चाळीस हजारवालं काम. जुन्या झिजलेल्या लायनरात नवीन रिंगा टाकल्या की चार-सहा महिने बरं वाटतं. लायनर अंडाकृती झालेला असतो, त्यात गोल रिंग बसणार कशी? परत ऑइल खायला लागते आणि मग तेच इंजिन परत उघडायचं, गॅसकेट परत, मजुरी परत. करायचं तर लायनर-पिस्टन किट, मेन आणि बिग एंड बेअरिंग, ऑइल पंप, हेड फेस करून व्हॉल्व्ह सीट, आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) लेथवर मोजून. ह्यातलं काही सोडायचं तर मला विचारून सोड.

आडवाप्रश्न
मेस्त्री, म्हणजे गॅरेजवाला खरं बोलला ना शेवटी, फुल इंजिनच 😀

फोंड्याचो_मेस्त्री
खरं बोलला असेल. पण टर्बो दाखवायला आलेल्या माणसाचं इंजिन उतरवलेलं मी बघितलंय म्हणून सांगतोय.

वेर्णा_बीएस६
भावाचं ऐकायच्या आधी माझं ऐका. माझ्याकडे नवी गाडी आहे, बीएस-६, बसायला मस्त, स्टिअरिंग एका बोटानं फिरतं, हायवेला अ‍ॅव्हरेज पण जुन्यापेक्षा बरंच चांगलं. पण ही गाडी लांब पल्ल्याची आहे. सायलेन्सरमध्ये तो फिल्टर असतो, डीपीएफ, त्यात काजळी साठते आणि ती जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. वेर्णा ते वास्को, वेर्णा ते कुंडई असं लोकल मारत राहिलं, लोडिंगला तास तास इंजिन चालू ठेवून उभं राहिलं, की फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, मग रस्त्याच्या कडेला उभं राहून जाळायचं नाहीतर शोरूम. अ‍ॅडब्लू (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालायचं युरियाचं पाणी) संपत आलं आणि दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःच ताकद कमी करते, घाटात असं झालं तर मागचे हॉर्न मारून मारून कान किटवतात. सुट्टं, सील नसलेलं अ‍ॅडब्लू कोणी स्वस्तात देतोय म्हणून घालू नका, ते युरियाचं साडेबत्तीस टक्के पाणीच असतं, पण पाणी शुद्ध नसलं की आतला पंप आणि नोझल धरतं आणि त्याचं बिल बघून ताप येतो.

सेन्सरचं काम मेस्त्रीच्या पान्यानं होत नाही, लॅपटॉप लागतो. रात्री गगनबावड्याच्या घाटात बंद पडली तर जुनी गाडी कोणीतरी तारेनं बांधून खाली आणेल, ही नाही आणणार. बाकी नवीन गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो, पाऊस असो, चवथ (गणेश चतुर्थी) असो, घाट बंद असो.

हिशेबनीस_डिचोली
मी स्वतः गाडी चालवत नाही, आमच्या घरच्या दोन गाड्यांचे हिशेब ठेवते आणि आजूबाजूच्या चार-पाच गाडीवाल्यांचे पण बघते, म्हणून आकड्यात बोलते. पत्रादेवीपार, तुम्ही गाडीचा हिशेब "डिझेल गेलं, टोल गेला, उरलं ते आपलं" असा करत असाल तर हा प्रश्न सुटणारच नाही. किलोमीटरला किती पडतं ते काढा. मी तुमच्या गाडीसारखा एक नमुना मांडते, आकडे तुमचे घाला.

महिन्याला ५,००० किमी धरा. डिझेल ८८ रुपये धरलं आणि ५.२ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे किलोमीटरला १७ रुपये. टायर सहा, एकेक २० हजाराचा, ७० हजार किमी चालला तर पावणेदोन रुपये. ऑइल, फिल्टर, ग्रीसिंग मिळून एक रुपया. रिपेरी, म्हणजे क्लच, ब्रेक लायनर, पाटे (स्प्रिंग), बॅटरी, वेल्डिंग, हे सगळं वर्षाचं काढून वाटलं तर अडीच रुपये. झाले सव्वाबावीस. हे गाडी चालली तरच लागणारे.

आता न चालता लागणारे. विमा. सोळा टनी गाडी १२ ते २० टनांच्या गटात येते, नुसता थर्ड पार्टीच ३५,३१३ रुपये, वर टॅक्स, वर स्वतःच्या गाडीचं कव्हर, म्हणजे ५५ हजाराच्या आसपास. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५०० आणि वर ऑथरायझेशनचे हजार. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आठ वर्षांनंतर दरवर्षी, त्यासाठी रंग, रेडियम, पीयूसी, रोड टॅक्स. हे महिन्यावर वाटलं तर साडेसात हजार होतात. आणि तुमचा पगार २५ हजार. सगळं मिळून किलोमीटरला २८ रुपये ७५ पैसे पडतात.

कोल्हापूरची जाऊन-येऊन फेरी ४८० किमी धरा, म्हणजे १३,८०० रुपये खर्च. दोन्ही भाडी मिळून १६ हजार आली तर फेरीला बावीसशे सुटले. एका बाजूनं रिकामे आलात तर खिशातून गेले.

आता इंजिनाकडे बघा. १ लाख ६० हजाराचं काम आणि ते दोन लाख किमी चाललं तर किलोमीटरला ८० पैसे. नवीन गाडीचा हप्ता ४८ हजार धरा, ५,००० किमीला वाटला तर ९ रुपये ६० पैसे. नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज चांगलं, रिपेरी कमी, त्यातून चार-साडेचार रुपये वाचतील, तरी उरलेले पाच रुपये भाड्यातून वसूल व्हायला पाहिजेत. तुमचं भाडं देणारा माणूस "गाडी नवी आहे" म्हणून पाच रुपये जास्त देतो का?

पत्रादेवीपार
ताई, एवढं कोणी मांडून दिलं नव्हतं, आभार. पण तो २५ हजार पगार मला पटत नाही. घरचाच माणूस, मी माझ्याच गाडीवर बसलोय, पगार कसला घ्यायचा? मी असा बघतो की महिनाअखेरी हातात चाळीस-पन्नास राहतात, बरं चाललंय.

हिशेबनीस_डिचोली
ते चाळीस-पन्नास गाडीनं कमावले की तुम्ही, हे कळायला पगार वेगळा काढायचा. उद्या तुमचा पाय मोडला, दुसऱ्याला गाडीवर बसवलं, तो पगार घेणार की नाही? त्याला दिल्यावर गाडीला काही उरत नसेल तर ती गाडी धंदा करत नाही, तुम्ही फक्त स्वतःला नोकरी लावून घेतलीय आणि वर गाडीची जोखीम पण तुमचीच. आणि बरं चाललंय तर इंजिनाचे दीड लाख बाजूला का नाहीत? गाडीचं बँक खातं वेगळं काढा, प्रत्येक फेरीनंतर किलोमीटरला अडीच रुपये त्यात टाका, ते घरखर्चाचे नाहीत.

आडवाप्रश्न
ताई जरा हळू, पोरगा इंजिन विचारायला आलाय 😀

सांग्याचो_टिपर
हिशेबनीस बाईंचं बरोबर आहे, पण एक गोष्ट त्यांच्या कागदात दिसत नाही ती मी सांगतो. उभी गाडी. आम्ही खाणीवर दहा टनी टिपर चालवणारे, आम्हाला किलोमीटरचा हिशेब कोणी शिकवला नव्हता, खेपेवर पैसे, दिवसाला खेपा मोजायच्या, लोडिंगला नंबर लागला की झालं. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. मग परत थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीज रद्द, मार्चपासून परत सगळं बंद. सांगे, केपें, धारबांदोडा, डिचोली, सत्तरी, घराघरासमोर ट्रक उभे. ज्यांच्याकडे हप्ता होता त्यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आता काही ठिकाणी परत काम सुरू झालंय पण पूर्वीसारखं नाही मरे.

उभी गाडी फुकट उभी राहत नाही. विमा चालू, टॅक्स चालू, टायरला चिरा पडतात, बॅटरी बसते, ब्रेकचे ड्रम गंजून धरतात, उंदीर वायरिंग खातो, डिझेल टाकीत पाणी धरतं. म्हणून मी म्हणतो हप्त्याची गाडी एकाच कंपनीच्या किंवा एकाच ठेकेदाराच्या भरवशावर घेऊ नका. भाऊ डाउन पेमेंट देईल, हप्ता कोण देणार? जुनी गाडी, हप्ता नाही, काम नसलं तर ती दारात उभी करून झोप तरी लागते.

बेळगाव_भाजी
मी रात्रीची भाजी मारतो, बेळगावहून मडगाव-म्हापसा. पत्रादेवीपार, तुझ्या दोन्ही भाड्यांत एक गोम आहे ती बघ. गोव्यात माल येतो जास्त, जातो कमी. भाजी, धान्य, सिमेंट, कोंबड्या, बांधकामाचं सामान सगळं बाहेरून. त्यामुळे कोल्हापूर-हुबळीच्या गाड्या इथं भरून येतात आणि परतायला रिकाम्या असतात, त्यांना वेर्ण्यात डिझेल निघालं तरी पुरे असतं. तुझं जाण्याचं भाडं म्हणजे त्यांचं रिटर्न. तू वेर्ण्यात त्यांच्याशी भाव करून जिंकणार नाहीस. तुझा खरा पैसा येण्याच्या भाड्यात. म्हणून गिऱ्हाईक कोल्हापुरात धर, तिथला व्यापारी ज्याला दर आठवड्याला गोव्यात माल पाठवायचाय आणि फोन केल्यावर येणारी ओळखीची गाडी पाहिजे. जाताना मग काय मिळेल ते घे.

दुसरं, बीएस-६ वाल्या भाऊंनी लोकलचं सांगितलं ते अगदी बरोबर, पण तू तर लांब पल्ल्याचाच आहेस, तुला डीपीएफचा त्रास एवढा नाही होणार. मी तुझ्या जागी असतो तर वय बघितलं असतं. गाडीचं नाही, तुझं. रात्रभर तो जुना क्लच आणि जड स्टिअरिंग घाटात फिरवून कंबर जाते, तिचं किट मिळत नाही. आता नव्या बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय, हसण्यावारी नेऊ नका, मे महिन्यात दुपारी पोळेच्या नाक्यावर लायनीत उभं राहून बघा.

हिशेबनीस_डिचोली
कंबरेचा मुद्दा मान्य. तो आकड्यात बसत नाही म्हणून मी लिहिला नव्हता.

वेर्णा_बीएस६
टायरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ झालाय, नवीन ट्रकवर आणि स्पेअरवर पण तसंच, तेव्हा जुन्या कोटेशनवर दुकानदार भाव सांगत असेल तर बिल नीट वाचा. पुढच्या एक्सलला रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर) कधीच घालू नका, मागे चालतो. जोडीचे दोन टायर एकाच घेराचे पाहिजेत, एक नवा एक गुळगुळीत अशी जोडी लावली की सगळा भार मोठ्यावर येतो आणि तो आधी फुटतो. हवा गाडी थंड असताना मोजायची.

बेळगाव_भाजी
आणि चिरेवाले ओव्हरलोड मारतात त्यांचं बघून तू मारू नकोस. २०१८ ला दोन एक्सलच्या गाडीचा भार १६.२ वरून १८.५ टन केला पण तुझ्या आरसीवर जो आकडा आहे तोच काट्यावर धरतात. पकडलं तर २० हजार आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २ हजार. एका फेरीचं जास्तीचं भाडं किती मिळतं, हजार-दीड हजार? पाटे, हब बेअरिंग, ब्रेक वेगळेच झिजतात.

सांग्याचो_टिपर
पाट्यांवरून आठवलं, इंजिनात दीड लाख घालायच्या आधी गाडीखाली झोपून चासी बघ. इंजिन कितीही चांगलं बांधलं आणि चासी गंजली असेल तर ते पैसे पाण्यात. विशेष करून मासळी मारली असशील तर. मालीम, कुटबण, दोन्ही जेट्टींवरून मासळीचं भाडं बरं मिळतं, पण खोक्यातलं खारं पाणी हौद्यातून चासीवर गळत राहतं, क्रॉस मेंबर, पाट्यांचे ब्रॅकेट, एअर टाकी, ब्रेकचे पाइप, सगळं आतून खातं. हातोडीनं ठोकून बघ, आवाज खणखणीत यायला पाहिजे, भसभस आला तर समज. केबिनच्या पायदळ्याखाली पण बघ.

पत्रादेवीपार
मासळी नाही मारली कधी, पण आधीच्या मालकानं काय मारलं देव जाणे. सगळ्यांचं वाचतोय, उद्या-परवा फोंड्याला टेस्ट करून घेतो. मेस्त्री, काम करायचंच ठरलं तर पावसात करू की आत्ता लगेच? दोन फेऱ्यांचा माल बोललेला आहे.

फोंड्याचो_मेस्त्री
पावसात. जून-जुलैत बांधकामाचा माल पडतो, दरड आली की अनमोडला अवजड गाड्या थांबवतात, चोर्ला घाटाचं तर विचारूच नको, तेव्हा गाडी तशीही निम्मी उभी असते. पण चवथीच्या तोंडावर नको, तेव्हा भाडं चांगलं असतं आणि गॅरेजात पण गर्दी. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लाव. तोवर ऑइलची पातळी रोज सकाळी बघ, खाली गेली आणि तसाच दामटलास तर क्रँक पण जाईल, मग दीडाचे अडीच लाख होतील. घाटात भरल्या गाडीनं जास्त रेस करू नको.

गाडी खाली येईल तेव्हाच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचं ऑइल सील बघून घे, गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, मजुरी एकदाच पडते. रेडिएटर बाहेरून नाही, आतून साफ करून घे. इंजिन नवीन आणि रेडिएटर चोंदलेला, मग पहिल्याच घाटात हेड गॅसकेट उडतं आणि शिवी मेस्त्रीला.

आडवाप्रश्न
पार्ट ओरिजिनल घ्यायचे की भंगारातले? बेळगावच्या बाजूला जुन्या गाड्या तोडतात तिथं अर्ध्या किमतीत मिळतात म्हणे.

फोंड्याचो_मेस्त्री
दरवाजा, बोनट, आरसा, पाट्यांचा सेट, हाउसिंग, हे भंगारातलं चालतं, मी स्वतः बसवतो. पिस्टन, बेअरिंग, ब्रेकचं काहीही, स्टिअरिंगचं काहीही भंगारातलं नाही. आणि डुप्लिकेट डब्यातलं त्याहून नाही.

हिशेबनीस_डिचोली
भंगाराचा अजून एक हिशेब आहे. वरच्याच आकड्यांनी, दोन्ही भाडी धरून किलोमीटरला तेहतीस रुपये येतात, त्यातून चालण्याचे सव्वाबावीस गेले की पावणेअकरा उरतात. दिवसाला २०० किमी धरले तर गाडी उभी राहिली की रोजचे २,१५० बुडाले. आठ हजार वाचवायला चार दिवस पार्ट शोधत फिरलात तर वाचले ते गेले, वर बसचं तिकीट. पावसात हा आकडा कमी होतो, म्हणून मेस्त्रींचं जूनचं म्हणणं मला पटतं. फक्त गॅरेजवाल्याकडून तारीख घ्या, आणि सगळे पैसे आधी देऊ नका. किटचे पैसे द्या, मजुरी गाडी चालवून बघितल्यावर.

इन्कम टॅक्सचं पण सांगते, गाडीवाले घाबरून असतात उगाच. दहापेक्षा जास्त गाड्या नसतील तर गाडीवाल्यांसाठीच्या अंदाजी उत्पन्नाच्या कलमात (१९६१ च्या कायद्यातलं ४४एई) भरता येतं. बारा टनांच्या वरच्या गाडीला टनामागे महिन्याला हजार रुपये उत्पन्न धरतात, तुमची १६.२ टनी, म्हणजे महिन्याला १६,२०० आणि वर्षाचे १,९४,४००. खर्चाची वही दाखवावी लागत नाही. पण गाडी गॅरेजात उभी असली तरी तो महिना धरला जातो, आणि इंजिनाचा दीड लाख खर्च वेगळा वजा मागता येत नाही. ट्रान्सपोर्टरला पॅन आणि दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं लिहून द्या, मग तो भाड्यातून टीडीएस कापत नाही. कापला असेल तर रिटर्न भरा, पैसे परत येतात, कितीतरी गाडीवाले ते सोडून देतात. आणि स्वतः चालवता म्हणून विम्यात मालक-ड्रायव्हरचं १५ लाखांचं अपघात कव्हर आहे ना ते आजच बघा. पासिंग संपलेलं असताना गाडी रस्त्यावर काढू नका, क्लेमच्या वेळी पहिला कागद तोच मागतात.

पत्रादेवीपार
टेस्ट झाली. टर्बोचा शाफ्ट ठीक आहे, पाइपात ऑइल जवळपास नाही. कॉम्प्रेशन दोन नंबर आणि पाच नंबर सिलिंडरला खूपच खाली, बाकीचे पण आता जवानीतले नाहीत. चासी ठोकून बघितली, मागच्या एका पाट्याचा ब्रॅकेट गंजलाय, तेवढा बदलायचा, बाकी आवाज खणखणीत. भावाला ताईंचा हिशेब दाखवला, तो म्हणतो तू कंबरेचा विचार कर, मी म्हटलं दोन वर्षं ही चालवतो, किलोमीटरला अडीच रुपये वेगळे टाकतो, मग डाउन पेमेंट माझं स्वतःचं असेल तेव्हा बघू. त्याला फारसं पटलेलं नाही.

तर जूनमध्ये इंजिन बांधायचं ठरलं. मेस्त्री, लेथवाला म्हणाला क्रँक उतरवल्यावर बघू, कदाचित घासावा लागेल. घासला तर काही बिघडतं का?

फोंड्याचो_मेस्त्री
बिघडत नाही, पण माप लिहून घे. क्रँक जेवढा घासला त्याच मापाचं अंडरसाइज बेअरिंग लागतं, लेथवाल्याकडून चिठ्ठीवर आकडा घे आणि ती चिठ्ठी घेऊनच बेअरिंग आणायला जा, तोंडी सांगितलेलं माप आणून दोनदा बदलायला गेलेले लोक आहेत. आधीच कोणी घासलेला असेल तर पुढचं माप शिल्लक आहे का ते पण विचार. इंजिन बसल्यावर पहिले हजार-दीड हजार किलोमीटर हलका माल, लुगिंग (वरच्या गिअरात कमी स्पीडला इंजिन ओढायला लावणं) नको, एकाच स्पीडला तासन् तास नको, मग ऑइल आणि फिल्टर बदलून टाक. त्यानंतर हेडचे बोल्ट आणि टॅपेट परत बघायला माझ्याकडे नाहीतर ज्यानं बांधलं त्याच्याकडे ये.

बेळगाव_भाजी
पत्रादेवीपार, गाडी खाली असेल तेव्हा तुझं कोल्हापूरचं गिऱ्हाईक कोण सांभाळणार? पंधरा दिवस तू दिसला नाहीस तर तो दुसरी गाडी धरणार आणि मग ती सुटणार नाही. माझी दुसरी गाडी जूनमध्ये मोकळी असते, ड्रायव्हर पण चांगला आहे. तुझ्या नावावर माल उचलतो, भाडं तुझ्या दरानं, कमिशन नको. चवथीच्या आठवड्यात मला भाजीला एक गाडी कमी पडते, तेव्हा तू ये.

पत्रादेवीपार
चालेल दादा. मी आज व्यापाऱ्याला फोन करून सांगतो की गाडी बदलली तरी माणूस आपलाच. त्याचा माल बुधवारी संध्याकाळी भरतो, पशुखाद्याची पोती, ताडपत्री दुहेरी लागते, हमाली तो देतो. नंबर खाजगीत पाठवलाय.